गमावलेले वाचन आणि कधीच न आलेले वाचन

१८६१. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातील लबोर्न्य या रुग्णाला समोरच्याचे बोलणे बरेचसे कळे. त्याच्या मुखातून मात्र बहुधा ‘तान’ एवढेच निघे. मृत्यूनंतर ब्रोका यांना त्याच्या मेंदूच्या डाव्या पुढील भागात इजा आढळली. आलेली भाषा अशी हिरावली जाणे म्हणजे वाचाघात.

मेंदूच्या इजेने वाचनही जाते. कुसमाउल यांनी १८७७ मध्ये त्याला ‘शब्दांधता’ म्हटले. श्टुटगार्टचे नेत्रवैद्य बर्लिन यांनी १८८७ च्या पुस्तकात ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द वापरला, तोही प्रौढांच्या अशाच हानीसाठी!

पुढे १८९६ मध्ये इंग्लंडमधील सीफर्डचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १४ वर्षांच्या पर्सीची हकिकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, गणिताची आवड असलेला. पण वर्षानुवर्षे शिकवूनही स्वतःचे नाव त्याने ‘प्रेसी’ असे लिहिले आणि चूक त्याच्या ध्यानीही आली नाही. ना आघात, ना आजार. त्याने काही गमावलेच नव्हते. म्हणून मॉर्गन यांनी शब्दांधतेला ‘जन्मजात’ हे विशेषण जोडले. सारा फरक त्या एका विशेषणात आहे.

कालांतराने बर्लिन यांचा शब्द अशाच मुलांना चिकटला आणि त्याचा मूळ अर्थ मागे पडला. पर्सीच्या शिक्षकांचे मतही मॉर्गन यांनी नोंदवले आहे : शिक्षण पूर्णपणे तोंडी असते, तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता.