कचऱ्याची ऊब

१८९२ च्या ऑगस्टमध्ये हॅम्बुर्गमध्ये कॉलऱ्याची साथ आली. शहराला एल्ब नदीचे पाणी न गाळताच पुरवले जात होते. शेजारच्या आल्टोनाने वाळूच्या गाळण्या बसवल्या होत्या, त्यामुळे ते बरेचसे वाचले. हॅम्बुर्गमध्ये मात्र काही आठवड्यांत साडेआठ हजारांवर माणसे दगावली. या साथीचा पाण्याशी असलेला संबंध सगळे सांगतात, कचऱ्याशी असलेला फारसा कोणी सांगत नाही. तोवर शहराचा केर भोवतालचे शेतकरी खत म्हणून नेत असत. साथीनंतर त्यांनी हॅम्बुर्गचा केर शिवेवरही येऊ दिला नाही. शहरात ढीग साचू लागले. शेवटी महापालिकेने इंग्लंडमधले तंत्र आणून बुलरडाइश येथे भट्टी बांधली आणि १८९६ पासून ती नियमित चालू लागली. जर्मनीतली ही पहिली कचराभट्टी.

युरोपात आज घरगुती कचरा जाळून वीज आणि उष्णता देणारे सुमारे ५०० कारखाने आहेत. त्यांची चर्चा आता हवामान आणि इंधन यांच्या संदर्भात होते. पण मुळात या भट्ट्या पेटल्या त्या रोगाच्या भीतीने आणि जागा संपल्यामुळे; ऊर्जेचा विचार मागाहून आला. ती ऊर्जा कुठे टिकली आणि कुठे वाया गेली, हे बहुतेक ठिकाणी एकाच प्रश्नावर ठरलेले दिसते. भट्टीच्या उष्णतेला शेजारी गिऱ्हाईक होते का?

सुरुवात इंग्रजांची. १८७४ मध्ये नॉटिंगहॅममध्ये आल्फ्रेड फ्रायर यांच्या आराखड्यावरून पहिली ‘डिस्ट्रक्टर’ भट्टी उभी राहिली. इंग्रजांच्या घरी शेगडीत दगडी कोळसा जळे आणि राखेबरोबर अर्धवट जळलेले कोळशाचे तुकडे केरात पडत. त्यामुळे तो केर सहज पेट घेई. पूर्व लंडनच्या शोरडिच या कामगारवस्तीतल्या स्थानिक मंडळाने १८९७ मध्ये भट्टी आणि वीजघर एकाच आवारात बांधले. उद्घाटनाला शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन आले होते. दर्शनी भिंतीवर लॅटिनमध्ये ‘धुळीतून प्रकाश आणि शक्ती’ असे ब्रीद कोरले होते. उरलेली उष्णता शेजारच्या सार्वजनिक स्नानगृहाला दिली गेली. ज्यांच्या घरी न्हाणी नव्हती, त्यांना आपल्याच केरावर तापलेले पाणी मिळू लागले. ही इमारत अजून उभी आहे. आता तिथे सर्कशीच्या कलांचे शिक्षण मिळते.

अशीच भट्टी बर्लिनला नेली तेव्हा मात्र पंचाईत झाली. बर्लिनकर घरात लिग्नाइटच्या विटा जाळत. त्यांची राख भरपूर आणि निसत्त्व. ती भट्टीत पडली की आग घुसमटे. १८९० च्या दशकातले तिथले प्रयोग सोडून द्यावे लागले. एका गावचा केर दुसऱ्या गावच्या केरासारखा जळत नाही, हे युरोपला तेव्हाच कळले होते.

उष्णतेला गिऱ्हाईक आधी ठरवून मग भट्टी बांधण्याचे श्रेय डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सबर्ग या छोट्या नगरपालिकेला द्यायला हवे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोपनहेगनने आसपासची गावे आपल्यात सामावून घेतली. फ्रेडरिक्सबर्ग स्वतंत्र राहिले, पण चारही बाजूंनी राजधानीने वेढले गेले. केर टाकायला वीतभर मोकळी जमीन उरली नाही. १९०३ मध्ये तिथे भट्टी सुरू झाली. नव्या रुग्णालयाचे कामही त्याच सुमारास चालले होते. भट्टीची वाफ जमिनीखालच्या बोगद्यांतून नळांनी त्या रुग्णालयात, तसेच अनाथालयात आणि गरिबांसाठीच्या आश्रमगृहात पोहोचवली गेली. रुग्णालयाला उष्णता बारा महिने लागते. खोल्या उबदार ठेवायला, कपडे धुवायला, उपकरणे निर्जंतुक करायला, आंघोळीला. त्यामुळे उन्हाळ्यातही भट्टीची वाफ वाया जाणार नव्हती. डेन्मार्कमधल्या सामूहिक तापनाची, म्हणजे एका ठिकाणाहून अनेक इमारतींना नळाने उष्णता देण्याच्या पद्धतीची, सुरुवात इथे झाली असे मानतात. वीज दूरवर नेता येते, वाफ नेता येत नाही, म्हणून भट्टी गावाबाहेर ढकलून चालत नाही. फ्रेडरिक्सबर्गने ती वस्तीतच ठेवली आणि लोकांनी तिला शेजारी म्हणून वागवले. या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तो हाच.

पुढची पन्नास-साठ वर्षे संथ गेली. झुरिकमध्ये १९०४ साली जोसेफस्ट्रासे येथे भट्टी सुरू झाली. त्या जागेवर २०२१ पर्यंत कचरा जळत राहिला. म्युनिकच्या जोसेफ मार्टिन यांनी १९२० च्या दशकात कचरा आपोआप ढवळणारी पायऱ्यांची सरकती जाळी तयार केली आणि फावड्याने कचरा ढकलणारे कामगार भट्टीच्या तोंडापासून दूर झाले. ब्रिटनने मात्र हळूहळू भट्ट्या विझवल्या. वापरून सोडलेल्या मातीच्या आणि वाळूच्या खाणी तिथे भरपूर होत्या. त्यात कचरा ओतणे स्वस्त पडे.

१९७३ च्या तेलसंकटाने चित्र पालटले. डेन्मार्कची ऊर्जेची नव्वद टक्क्यांहून अधिक गरज तेव्हा आयात तेलावर भागत होती. रविवारी मोटारी बंद ठेवण्याची वेळ आली. १९७९ मध्ये उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला. कोणत्या भागाला नळाने उष्णता द्यायची आणि कोणत्या भागाला गॅस, याचे आराखडे नगरपालिकांना करावे लागले. आज डेन्मार्कमधल्या जवळजवळ दोनतृतीयांश घरांत अशी नळाची ऊब येते आणि तिचा एक मोठा वाटा कचऱ्याचा असतो.

अशा कारखान्यात माणसाचे खरे कसब दिसते ते काचेआड बसलेल्या क्रेनचालकाच्या कामात. खाली काही मजले खोल हौद असतो आणि गाड्या त्यात कचरा ओततात. चालक लोखंडी पंजाने ढीग उचलतो, उंचावरून सोडतो, पुन्हा उचलतो. ओले आणि सुके एकजीव झाले नाही तर भट्टीत कधी ज्वाला भडकते, कधी आग मंदावते आणि वाफेचा दाब हेलकावे खातो. जाळीवर पडलेला कचरा आधी वाळतो, मग पेटतो, शेवटी राखेचे खडे होऊन खाली पडतो. धुराचे वायू किमान दोन सेकंद ८५० अंश सेल्सिअसवर राहिले पाहिजेत, असा युरोपचा नियम आहे. वाफ साधारण ४०० अंशांपर्यंतच तापवतात. त्याहून जास्त तापवली तर कचऱ्यातल्या क्लोरीनमुळे बॉयलरच्या नळ्या झपाट्याने खराब होतात. त्यामुळे नुसती वीज काढली तर निम्म्याहून अधिक उष्णता हातची जाते. पुन्हा प्रश्न तोच: ती घेणार कोण?

या कारखान्यांवरचा लोकांचा राग अनाठायी नव्हता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. १९७७ मध्ये केस ओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅमस्टरडॅममध्ये कचराभट्टीच्या उडत्या राखेत डायॉक्सिन हे विषारी रसायन दाखवून दिले. वर्षभरापूर्वीच इटलीतल्या सेवेसोच्या अपघाताने हे नाव घराघरात पोहोचवले होते. १९८९ मध्ये रॉटरडॅमजवळच्या कुरणांतल्या गायींच्या दुधात ते सापडले. जर्मनीने १९९० मध्ये एका घनमीटर वायूत ०.१ नॅनोग्रॅम इतकी कडक मर्यादा घातली. पुढे ती युरोपीय संघाची झाली. चुना, सक्रिय कोळसा आणि कापडी गाळण्या बसल्या. जर्मन पर्यावरण मंत्रालयाने २००५ मध्ये दिलेल्या हिशेबानुसार तिथल्या कचराभट्ट्यांतून १९९० मध्ये ४०० ग्रॅम डायॉक्सिन बाहेर पडत होते, २००० मध्ये अर्ध्या ग्रॅमहून कमी. हे काम आंदोलकांच्या रेट्याशिवाय झाले नसते.

व्हिएन्नातली स्पिटेलाऊची भट्टी १९७१ मध्ये तयार झाली, तीही एका मोठ्या रुग्णालयाला उष्णता देण्यासाठी. १९८७ च्या आगीत ती होरपळली. महापौर हेल्मुट झिल्क यांनी चित्रकार हुंडर्टवासर यांना तिचे रूप पालटायला सांगितले. पर्यावरणाचा कैवार घेणारा हा कलावंत आधी तयार नव्हता. धूर शुद्ध करण्याची उत्तम यंत्रणा बसणार याची खात्री पटल्यावर तयार झाला. १९९२ पासून तिची रंगीत भिंत आणि धुराड्यावरचा सोनेरी गोळा शहराची ओळख बनले आहेत.

याच काळात डेन्मार्कची भट्टी भारतातही आली. १९८७ मध्ये दिल्लीत तिमारपूरला व्होलुंड या डॅनिश कंपनीने रोज ३०० टन कचऱ्यावर ३.७५ मेगावॅट वीज काढणारा प्रकल्प उभारला. तो जेमतेम २१ दिवस चालला. किलोमागे १,४६२ किलोकॅलरी उष्णता मिळेल असे धरले होते, प्रत्यक्षात ६००-७०० मिळाली. ओला कचरा आणि माती भरपूर. जळण्याजोगा कागद आणि प्लॅस्टिक आधीच रद्दीवाल्यांनी आणि कचरावेचकांनी नेलेले. बर्लिनमध्ये जे घडले, तेच नव्वद वर्षांनी इथे झाले.

युरोपात पुढचा रेटा कायद्याचा होता. डेन्मार्कने १९९७ मध्ये, स्वीडनने २००२ मध्ये जळण्याजोगा कचरा पुरण्यावर बंदी घातली. जर्मनीने २००५ मध्ये प्रक्रिया न केलेला कचरा पुरणे थांबवले. भट्ट्या भराभर वाढल्या, इतक्या की आपला कचरा कमी पडू लागला. २००८ मध्ये नेपल्सच्या रस्त्यांवर साचलेला कचरा आगगाड्यांनी हॅम्बुर्गला जळायला गेला. एकेकाळी ज्या शहराचा केर शेजारचे शेतकरी घेत नव्हते, ते आता इटलीचा कचरा घेत होते. स्वीडन आणि डेन्मार्क ब्रिटनचा कचरा आणू लागले. मोठी भट्टी बांधली की तिचे कर्ज फेडायला तिचे पोट भरावे लागते, आणि कचरा कमी करण्याचा, वेगळा करण्याचा उत्साह तिथेच थंडावतो. कोपनहेगनच्या अमागर बाके या नव्या कारखान्याबद्दल हीच शंका बांधकामाआधीच घेतली गेली होती. तरी तो २०१७ मध्ये सुरू झाला आणि २०१९ मध्ये त्याच्या ८५ मीटर उंच छपरावर लोक बर्फाविना स्कीइंग करू लागले. पुढच्याच वर्षी डॅनिश संसदेतल्या पक्षांनी देशाची कचरा जाळण्याची क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी कमी करण्याचे ठरवले.

कारण आता प्लॅस्टिकमुळे निघणाऱ्या कार्बनचे होते. प्लॅस्टिक म्हणजे शेवटी खनिज तेलच. २०२५ पर्यंत कार्बनमुक्त होण्याचा संकल्प कोपनहेगनने केला होता, आणि अमागरच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडण्यावर त्याची बरीच भिस्त होती. कारखाना नगरपालिकांच्या मालकीचा, नफा न कमावण्याच्या तत्त्वावर चालणारा. सरकारी मदतीसाठी घातलेल्या आर्थिक कुवतीच्या अटी त्याला पुऱ्या करता आल्या नाहीत आणि २०२२ मध्ये त्याने माघार घेतली. त्याबरोबर राजधानीला २०२५ चे उद्दिष्टही सोडून द्यावे लागले.