एका टेबलाभोवती

औशाचा मुलगा शिकून पुण्या-मुंबईला नोकरीस लागला, की पहिल्या-दुसऱ्या पगारात एक गोष्ट बहुधा घडते. मित्रांच्या घोळक्यात तो एखाद्या झकपक इटालियन रेस्टॉरंटात जेवायला जातो आणि तिथला फोटो घरच्या मोबाइलवर येऊन पडतो. मंद दिवे, पांढऱ्याशुभ्र बशा, मधोमध वितळलेल्या चीजचा पिझ्झा आणि भोवती पाच-सहा हसरे चेहरे. आजी तो फोटो डोळ्यांजवळ नेते आणि दोन प्रश्न विचारते. "काय खाल्लास रं?" हा पहिला. "आन् कुणाकुणासंगं बसला व्हतास?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे, ते आधी उरकून घेऊ. दुसऱ्या प्रश्नात मात्र आपल्या मुलखाचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आज मुख्यतः तोच सांगायचा आहे.

तर काय खाल्ले? पास्ता म्हणजे कठीण जातीच्या गव्हाच्या रव्याचे पीठ मळून, निरनिराळे आकार देऊन वाळवलेला प्रकार. आपल्याकडे त्याच कुळातला बन्सी गहू कोरडवाहू रानात पिकत आला आहे, आणि आपल्या आया-बहिणी उन्हाळ्यात शेवया, सरगुंडे, मालत्या करतात ते दुसरे काय? आमटीत शिजवलेल्या चकोल्या तर पास्त्याच्या सख्ख्या मावसबहिणी शोभतील. पिझ्झ्याचेही तसेच. नेपल्स शहरात तो मुळात कष्टकऱ्यांचा, रस्त्यावर उभ्याने खायचा भाजका तुकडा होता. १८८९ साली मार्गेरिता राणीला तो आवडला आणि तिचे नाव एका पिझ्झ्याला मिळाले, अशी गोष्ट तिकडे सांगतात. खरी-खोटी इतिहासकारांनी पाहावी. पण गरिबाचा घास राजवाड्यात गेला की त्याची किंमत वाढते, हे आपल्याला हुरड्यावरून ठाऊक आहे. राहिला टोमॅटो. तो ना इटलीचा, ना आपला. तो अमेरिका खंडातून आला, आणि आपली मिरचीही तिथूनच आली.

आता दुसरा प्रश्न. कुणाबरोबर बसलास?

पूर्वी आपल्याकडे घराबाहेर जेवणे म्हणजे लग्नाकार्यातली पंगत, नाही तर देवळातला प्रसाद. पंगतीत कोण कुठे बसणार हे यजमान ठरवी, आणि यजमानाला जात ठरवून देई. प्रवासाला निघालेला माणूस शिदोरी बांधून निघे. दशमी पाण्याऐवजी दुधात का भिजवायची, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहा. टिकते म्हणून, हे एक कारण. दुधात भिजवलेले वाटेत खायला सोवळ्याची आडकाठी नाही, हे दुसरे. सांगायचा मुद्दा हा, की भूक लागली आणि पैसे टाकून कुणाहीशेजारी बसून जेवलो, ही गोष्ट त्या समाजाला मानवणारी नव्हती.

म्हणून इंग्रजी अमलात इटालियन मंडळी इकडे येऊन खाद्यगृहे चालवू लागली, तेव्हा त्यांचे गिऱ्हाईक साहेब लोक आणि साहेबी वळणाचे थोडे श्रीमंत होते. फेदेरिको पेलिती नावाचा इटालियन हलवाई १८६९ साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या पदरी आला. पुढे कलकत्त्याला आणि सिमल्याला त्याची उपाहारगृहे नामांकित झाली. मुंबईच्या फोर्टात मोंजिनी बंधूंचे नाव गाजले. आज ते केकच्या दुकानांवर वाचायला मिळते. इथे किंमत आड येत होतीच, पण त्याहून मोठा अडसर रांधणाऱ्याच्या हाताचा होता.

हा अडसर मोडण्याचा पहिला प्रयत्न झाला तो चोरून. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर ही त्यातली प्रमुख मंडळी. नव्या सभासदाने सर्वांदेखत ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यायचे, अशी तिथे रीत होती. दारे लावून, बरे का! सभासदांची नावे गुप्त असत. १८६०च्या सुमारास ती यादीच चोरीला गेली, नावे फुटणार म्हणून घबराट झाली आणि सभा मोडली. आज आपण वडापाव उभ्या उभ्या खातो. त्याच पावाच्या एका तुकड्यापायी शिकलेसवरलेले लोक घाबरून घरी बसले होते.

तीस वर्षांनी पुण्यात तेच नाट्य उघड्यावर घडले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने गावातली चाळिसांहून अधिक प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटे पुढे आली. कुणी प्याले, कुणी नुसता हात लावून कप खाली ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, मोठे खट्याळ गृहस्थ. त्यांनी सगळ्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. मग काय विचारता! फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, ग्रामण्य झाले. ज्यांनी चहा घेतला त्यांच्या घरी श्राद्धाला भटजी मिळेना, लेकीबाळींची माहेर-सासरची वाट अडली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारक मंडळी त्यांच्यावर रुष्ट झाली. रमाबाईंनी आपल्या आठवणींत ही हकीकत दिली आहे. मित्रांची कुचंबणा पाहून ते झुकले, असे त्यावरून दिसते. मला रानड्यांना भित्रा म्हणवत नाही. मित्रांबरोबर चहा प्यायचा, आणि मित्रांसाठीच तो प्यायल्याचा दंडही भरायचा, असा तो पेच होता.

पण पुण्याच्या चहात बसलेली माणसे बहुतेक वरच्याच जातींची होती. ज्याला कुणी शेजारी बसवूनच घेत नव्हते, त्याचे काय? त्यासाठी कोल्हापूरला जावे लागेल. गंगाराम कांबळे हा राजवाड्याच्या पागेतला नोकर. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला बेदम मार बसला. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांची खोड मोडली आणि गंगारामला चहाचे दुकान काढून दिले. अस्पृश्याच्या हॉटेलात गिऱ्हाईक कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह तिथे थांबत, गंगारामच्या हातचा चहा पीत आणि बरोबरच्यांनाही पाजीत. राजाने प्यालेला कप नाकारायचा कसा? सहभोजनावर दिलेल्या शंभर व्याख्यानांपेक्षा तो एक कप मला वजनदार वाटतो.

आपला औसा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले आणि २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली. तिचा पंधरावा अनुच्छेद शिक्षकांनी वर्गात जरूर वाचून दाखवावा. धर्म, जात यांच्या कारणावरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत कुणालाही मज्जाव करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. देशाच्या मूळ कायद्यात हॉटेलाचे नाव कशाला, असे एखाद्याला वाटेल. वर सांगितलेला इतिहास ठाऊक असणाऱ्याला वाटणार नाही. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदाही झाला. तरीही खेडोपाडीच्या चहाच्या हॉटेलांत दलित गिऱ्हाइकाची कपबशी वेगळी असे. ती त्याने स्वतः घ्यायची, स्वतः विसळायची आणि बाहेरच ठेवायची. ही कपबशी कायद्याला भिऊन एका दिवसात फुटली नाही.

आता पुन्हा तो फोटो पाहा. त्या टेबलाभोवती पाच आडनावे आहेत. एकाच पिझ्झ्याचे त्रिकोण पाचजण हाताने उचलत आहेत, आणि आत कुणी रांधले हे कुणी विचारलेले नाही. परमहंस सभेने जे दारे लावून केले, ते इथे काचेच्या भिंतीआड, रस्त्यावरून दिसेल असे चालले आहे. मात्र दारात दुसरा पहारेकरी उभा आहे, तो म्हणजे दरपत्रक. 'तुझे तू, माझे मी' असा ह्या मुलांचा बिलाचा हिशेब असतो. त्यात गावी पैसे पाठवणारा एखादा मित्र 'मला भूक नाही' म्हणून नुसते पाणी पीत बसतो. फोटोत तोही हसतच असतो. त्याला ओळखून मुकाट्याने त्याचे बिल भरणारा मित्रही कधी त्याच टेबलावर असतो. नसला तर पुढच्या खेपेस तो पोरगा येतच नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक काम सुचवतो. वर्गातल्या मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवा आणि एवढेच विचारून यायला सांगा : आपल्या गावातल्या हॉटेलात वेगळी कपबशी होती का, ती कुठे ठेवीत, आणि ती कधी, कुणामुळे गेली? उत्तरे सांगणाऱ्याच्या शब्दांत, तारीख घालून वहीत उतरवून ठेवा. सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.