गावची टीम की क्लब?

मुलगी अकरा वर्षांची, इथे न्यू जर्सीत गावच्या टीममध्ये सॉकर खेळते. कोच मैत्रिणीचे बाबा, फी अगदी कमी. आता क्लबचं बोलावणं आलंय. खर्च वर्षाला हजारो डॉलर!

थोडा इतिहास बघू. १९६४ साली कॅलिफोर्नियात 'एवायएसओ' सुरू झाली. तत्त्व साधं: प्रत्येक मूल खेळणार. १९७२च्या 'टायटल नाइन' कायद्यानंतर मुलींचे कॉलेज-संघ वाढले, स्कॉलरशिप दिसू लागली आणि पालक क्लबांकडे वळले. पगारी कोच, लांबचे सामने, बिल मात्र आईबापांच्या नावे. २०१७ला त्रिनिदादकडून हरून अमेरिकेचा पुरुष संघ वर्ल्डकपला मुकला, तेव्हा प्रश्न विचारला गेलाच: आपण गुणी पोरं निवडतो की पैसेवाल्यांची?

क्लबात शिकवतात चांगलं, मान्य. पण स्कॉलरशिपच्या आशेवर पैसे ओतणं मला पटत नाही. अजून एक वर्ष गावचीच टीम. तुम्ही काय केलं असतं?