सांबर
स्तनी वर्गाच्या समखुरी गणातील सर्व्हिडी (मृग) कुलातील भारतातील सर्वांत मोठे हरीण. शास्त्रीय नाव रुसा युनिकलर. मराठी नाव संस्कृत ‘शंबर’ या शब्दावरून आले.

प्रसार : भारत, श्रीलंका, दक्षिण चीन व आग्नेय आशिया. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे गावाजवळच्या सागरेश्वर अभयारण्यात (स्थापना १९८५, क्षेत्रफळ १०.८७ चौ. किमी.) चितळ व काळविटासह आढळते. हे अभयारण्य उजाड डोंगरांवर झाडे लावून व वन्यप्राणी सोडून घडवलेले आहे (पहा : सागरेश्वर).

वैशिष्ट्ये : रंग गडद तपकिरी, केस राठ. शिंगे फक्त नराला. प्रत्येक शिंगाला बहुधा तीन टोके. ती भरीव हाडाची असून गळून पुन्हा उगवतात; काळविटाची शिंगे मात्र कायम राहतात (पहा : काळवीट). डोळ्यांपुढील गंधग्रंथी उत्तेजित अवस्थेत उलटून बाहेर येतात. उंचावरचा पाला खाण्यासाठी सांबर मागच्या पायांवर उभे राहते. ते मुख्यतः निशाचर असून पाण्यात चांगले पोहते. धोका जाणवताच खूर आपटते व मोठ्याने ‘पोंक’ असा आवाज काढते. गर्भावधी सुमारे आठ महिने; एका वेळी बहुधा एकच पाडस होते. चितळाप्रमाणे अंगावर ठळक ठिपके नसतात (पहा : चितळ). जठर चार कप्प्यांचे असून सांबर रवंथ करते.

महत्त्व : वाघ व रानकुत्र्यांचे प्रमुख भक्ष्य. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत २००८ पासून ‘असुरक्षित’ वर्गात नोंद.