पांढरे चॉकलेट : स्निग्धांशाचा इतिहास आणि यवतमाळचा मोह

प्रस्तावना

पांढरे चॉकलेट हे खऱ्या अर्थाने चॉकलेट आहे काय, हा प्रश्न वरवर स्वयंपाकघरातला वाटतो. प्रत्यक्षात तो व्यापार, कायदा आणि वनोपज यांच्या इतिहासाशी निगडित आहे. कोकोच्या बियांतील तपकिरी घनभाग वगळून कोको बटर, दुधाचे घनपदार्थ आणि साखर यांपासून हा पदार्थ तयार होतो. साहजिकच त्याची ओळख रंगावर नव्हे, तर स्निग्धांशावर ठरते. प्रस्तुत लेखात या स्निग्धांशाचा इतिहास आणि त्या संदर्भात यवतमाळ जिल्ह्यातील मोहवृक्षाचे स्थान यांचा विचार केला आहे.

उगम आणि व्याख्या

१८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन हौटेन यांना दाबयंत्राचे पेटंट मिळाले आणि कोकोतील स्निग्धांश मोठ्या प्रमाणावर वेगळा काढणे शक्य झाले. पुढे १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीने पांढरे चॉकलेट बाजारात आणले. त्याची कायदेशीर व्याख्या मात्र बऱ्याच उशिरा स्थिरावली. युरोपीय संघाच्या २००० च्या निर्देशाने किमान २० टक्के कोको बटर आणि १४ टक्के दुधाचे घनपदार्थ आवश्यक ठरविले. अमेरिकेने २००२ मध्ये याच किमान मर्यादा स्वीकारल्या. भारतात २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांत पांढऱ्या चॉकलेटची स्वतंत्र व्याख्या आढळते.

युरोपीय निर्देशाने किमान कोको बटर कायम ठेवून सहा वनस्पतिजन्य स्निग्धांश ५ टक्क्यांपर्यंत मिसळण्यास मुभा दिली. त्यांत साल, आंब्याची कोय आणि कोकम यांची नावे आहेत. कोकणात पायांच्या भेगांना लावले जाणारे मुठेल अशा रीतीने युरोपच्या कायद्यात पोहोचले. मोहाचे नाव मात्र त्या यादीत नाही.

मोहाचा प्रश्न

केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या तालुक्यांतील कोलाम व गोंड समाजाच्या जीवनात मोहाला महत्त्वाचे स्थान आहे. उन्हाळ्याच्या आरंभी फुले व पावसाळ्याच्या तोंडावर बिया गोळा होतात. बियांचे तेल हिवाळ्यात थिजते आणि उन्हाळ्यात पातळ होते. कोको बटर साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ते हातात घट्ट राहते व तोंडात विरघळते. मोहाचे तेल त्याहून मऊ, तर कोकमाचे अधिक कठीण असते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९९९ मध्ये या दोहोंपासून उष्णता सहन करणारे कोको बटर-पूरक तयार करण्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्याचा पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेथे या संशोधनाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केला. २०१३-१४ पासूनच्या केंद्रीय योजनेत मोहाच्या बियांसाठी किमान आधारभूत किमतीची तरतूद झाली. तथापि, बी कच्च्या स्वरूपातच विकली गेल्यास तेलाच्या शुद्धीकरणातून आणि विभाजनातून निर्माण होणारे मूल्य संकलकाच्या हाती राहत नाही.

उपयोग आणि निष्कर्ष

उपयोगाच्या दृष्टीनेही स्निग्धांशच निर्णायक ठरतो. दूध व साखरेमुळे पांढरे चॉकलेट लवकर करपते. म्हणून गरम पाण्यावर ठेवलेल्या कोरड्या भांड्यात, मंद आचेवर ते वितळवावे. पाण्याचा थेंबही पडल्यास त्याच्या गुठळ्या होतात. बाजारात ‘कंपाउंड’ म्हणून मिळणाऱ्या वड्यांत कोको बटरऐवजी अन्य वनस्पतिजन्य स्निग्धांश असतो. त्या हाताळण्यास सोप्या असल्या तरी त्यांना पांढरे चॉकलेट म्हणता येत नाही. वेष्टनावरील घटकांच्या यादीत ‘कोको बटर’ आहे किंवा नाही, हे पाहणे हीच ग्राहकाची साधी कसोटी होय.

सारांश, पांढऱ्या चॉकलेटचा इतिहास हा स्निग्धांशाला नाव व मान्यता मिळण्याचा इतिहास आहे. कोकमाला ती मिळाली. मोहावर प्रयोगशाळेत काम झाले, परंतु कायद्याच्या यादीत त्याला स्थान मिळाले नाही. मोहाच्या तेलाला कोको बटर म्हणून खपविण्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या नावाने त्याचे मोल ठरणे, हे ग्राहक आणि संकलक या दोघांच्याही हिताचे आहे.