टी. नगर : सुटीचा इतिहास

चेन्नईस आलेला मराठी पाहुणा रेशमी साड्यांसाठी टी. नगरला जातोच. रंगनाथन गल्लीतील गर्दीतून वाट काढताना त्याला सांगूनही पटणार नाही, की ही वसाहत नगरनियोजनाचा नमुना म्हणून जन्मास आली. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा 1915 चा, मद्रासचा 1920 चा. त्यानंतर लवकरच जस्टिस पक्षाच्या राजवटीत मांबलम भागात पनगल उद्यानाभोवती ती आखली गेली. नाव मिळाले पक्षनेते सर त्यागराय चेट्टी यांचे.

पुढे बंगल्यांच्या जागी बहुमजली दुकाने उभी राहिली. ती कशी, हे समजण्यासाठी तामिळनाडूच्या 1971 च्या नगररचना कायद्याचे कलम 113 पाहावे. त्यान्वये शासन कोणत्याही इमारतीस नियमांतून सूट देऊ शकते. अशा सुटीचे 62 आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये रद्द केले. कलम मात्र वैध ठरवले. दरम्यान 1998 मध्ये कलम 113-ए आले होते : 28 फेब्रुवारी 1999 पर्यंतची अनधिकृत बांधकामे शुल्क भरून नियमित करावीत. हा एकवेळचा उपाय म्हणून न्यायालयाने मान्य केला. त्याची मुदत मात्र वाढतच गेली. 2006 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मुदतवाढी रद्द केल्या, तर 2012 मध्ये कलम 113-सी येऊन तारीख 1 जुलै 2007 झाली.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1968 मध्ये मांडले, की गुन्हा करणारा लाभ, शिक्षा आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा हिशेब करतो. येथे शिक्षेचेच शुल्क झाले, आणि तेही कमाई सुरू झाल्यावर भरावयाचे! शिवाय शुल्क मालकाने भरायचे. मजले चढत असताना डोळेझाक करणाऱ्या अधिकाऱ्याचा हिशेब या योजनेत कोठेच येत नाही. माझ्या मते भ्रष्टाचाराचे मूळ लाचेच्या पाकिटापेक्षा या रिकाम्या जागेत अधिक आहे.

ऑक्टोबर 2011 मध्ये टी. नगरातील अनेक दुकानांना टाळे लागले. जानेवारी 2012 मध्ये, पोंगलच्या तोंडावर, सर्वोच्च न्यायालयाच्या तात्पुरत्या आदेशाने ती उघडली. 31 मे 2017 रोजी उस्मान मार्गावरील एका बहुमजली वस्त्रदालनास आग लागली व इमारत पाडावी लागली. पुढच्याच महिन्यात 113-सी खालील नियमितीकरणाचे नियम जारी झाले. महाराष्ट्राने त्याच वर्षी आपल्या नगररचना अधिनियमात कलम 52-ए घातले. तेथील तारीख होती 31 डिसेंबर 2015.