बैलजोडी आणि राज्य

साल १६७६, भाद्रपद. तुम्ही प्रभावळी मामल्यातले, म्हणजे आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, कुणबी आहात. गोठा रिकामा, नांगर आडवा पडलेला. सगळीकडे भात पोटरीला आलंय आणि तुमच्या खाचरात गवत माजलंय. घरात राबणारे हात आहेत. जोताला बैल नाही आणि पोटाला दाणा नाही.

कारकून येताना दिसतो आणि तुम्ही दचकता. कारकून म्हणजे वसुली. सरकारात थोडं भरायचं आणि गावातून त्याच्या कितीतरी पट उपटायचं, ही वतनदारांची जुनी रीत तुम्हाला ठाऊक आहे. पण हा विचारतो, "जमीन किती करशील? बैल किती लागतील?"

सुभेदार रामाजी अनंत यांना शिवाजी महाराजांचं पत्र आलंय. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा, कुवत असेल त्याला बैलांसाठी रोख रक्कम द्या, खायला खंडी-दोन खंडी धान्य द्या. वाढीदिढी, म्हणजे व्याज, नाही. मुद्दलही तो सावरल्यावर, हळूहळू. वसूल मात्र रोखीत मागायचा नाही, पिकाचाच वाटा घ्यायचा. नारळ, सुपारी, मिरी भाव येईल तेव्हा सरकारनं विकावी. म्हणजे बाजार पडला तर झळ तुम्हाला नाही, खजिन्याला.

ही नुसती दयामाया नव्हे. किल्ले, फौज, आरमार सगळं पोसायचंय. पडीक रानावर कसला सारा? पाच वर्षांपूर्वी कुडाळच्या सुभेदाराला असाच हुकूम गेला होता: पोर्तुगिजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवा, नाहीतर आपलं मीठ पडून राहील. तलवारीइतकाच हा हिशेबही राज्याचा.

बांधावर मोजणीची काठी पडते. पाच हात, पाच मुठी लांब. वीस काठ्या लांब, वीस रुंद की एक बिघा. (हात कुणाचा, हे तुम्ही मनातल्या मनात विचारणारच.) पिकाचे पाच वाटे: तीन तुमचे, दोन सरकारचे. आकडा आधी कळतो, हेच नवल.

यात वतनदाराच्या मनमानीला जागाच उरत नाही, आणि राज्य खरं उभं राहिलं ते इथे. पुढे १६८९ नंतर मोगली रेट्यात सरदार हातचे जाऊ नयेत म्हणून वतनं वाटावी लागली, आणि रयत नि सरकार यांच्यामध्ये वतनदार पुन्हा शिरजोर होऊन बसला.